शिक्का असूनही दाखला चालला नाही? (सोसायटी ग्रुप)

स्मिता बी ३०४: कोर्टातलं कोणाला कळतं का इथे? ह्यांच्या जमिनीच्या केसमधे काल शाळेच्या दाखल्याची नोटरी केलेली झेरॉक्स दिली, गोल शिक्का सगळं होतं, तरी समोरच्या वकिलाने हरकत घेतली आणि निशाणीच (पुराव्याचा नंबर) पडली नाही. खरेदीखत झालं तेव्हा हे अज्ञान होते, १८ पूर्ण नव्हते, एवढंच दाखवायचंय हो

ए १०२: आधार द्या ना वहिनी, त्यावर तारीख आहेच की

मानसी वकील: काका आधार नको!! ते ओळखीपुरतं. २०२४ ला सुप्रीम कोर्टाने अपघात भरपाईच्या केसमधे आधारवरची तारीख सोडून शाळेच्या दाखल्यावरचीच धरली

ए १०२: मग वहिनींचा का नाही धरला

मानसी वकील: कारण दिली ती झेरॉक्स. नोटरीने शिक्का मारला म्हणून ती प्रमाणित प्रत होत नाही, हा घोळ सगळेच घालतात. सरकारी रेकॉर्ड ज्याच्या ताब्यात आहे त्याच अधिकाऱ्याने खाली लिहून द्यायचं की ही खरी नक्कल आहे, सोबत तारीख सही नाव हुद्दा शिक्का. आधी जुन्या पुरावा कायद्यात कलम ७६ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष अधिनियमात ७५, पण त्याआधीपासून चालू केसला जुनाच कायदा. स्मिताताई, मूळ दाखला घरी असेल तर तो द्या आणि शाळेचं जनरल रजिस्टर घेऊन कोणालातरी साक्षीला बोलवा

कदम काका: आणि निशाणी पडली म्हणजे जिंकलो असं समजू नका. कोर्टात क्लार्क होतो मी, बघितलंय. रजिस्टरला तारीख सांगितली कोणी हा खरा प्रश्न, १९८८ चा सुप्रीम कोर्टाचा निकालच आहे, सांगणारा माहीत नसेल तर नोंद वाचली जाते पण वजन पडत नाही. आमच्या वेळी हात डोक्यावरून कानाला लागला की पहिलीत, मास्तर १ जून टाकून मोकळे

स्मिता बी ३०४: काका ह्यांचीपण १ जूनच आहे 🙈

मानसी वकील: मग त्याच्यावरच उलटतपास होणार. जन्म नोंदीचा उतारा काढा, जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात कलम १७ आहे, निबंधकाने प्रमाणित केलेला उतारा जन्माचा पुरावा म्हणून थेट चालतो

कदम काका: आजोळी झालेत का? मग तिथल्या ग्रामपंचायतीत बघा, सासरच्या गावी शोधत बसाल. आणि नोंदीत नाव नसेल, नुसतं मुलगा आणि आईबापाचं नाव असेल, तो मुलगा म्हणजे हेच हे सांगायला कोणीतरी उभं राहावं लागेल

स्मिता बी ३०४: हो आजोळीच. सासूबाई आहेत ना, ८१ वर्षांच्या आहेत पण सगळं आठवतं, उलटतपासात वकिलालाच घाम फोडतील