क्लचच्या कामाचं बिल १७,३५८ रुपये! जास्त लावलंय का? (तातडीने मदत हवी)

धायरीकर:
वॅगन आर क्लचसाठी गॅरेजला टाकली होती. फोनवर "दहा-अकरा हजारांपर्यंत होईल" म्हणाले, आज बिल आलं १७,३५८ चं. गाडी जुनी आहे हे मान्य, पण एवढा फरक? उद्या सकाळी वडिलांना डायलिसिसला न्यायचंय, म्हणजे गाडी आज संध्याकाळी उचलावीच लागणार. पैसे भरू की भांडू? लवकर सांगा.

पाना_पक्कड:
साल कुठलं, पेट्रोल की सीएनजी, रनिंग किती, कंपनीचं सर्व्हिस सेंटर की बाहेरचं गॅरेज? नुसत्या आकड्यावरून कोण काय सांगणार? बिलातल्या ओळी टाका.

रानवाटा:
पार्ट आपले आपण आणायचे हो. मी नाना पेठेतून क्लच सेट घेतो आणि ओळखीच्या मिस्त्रीला नुसती मजुरी देतो. माझ्या अल्टोचं सगळं सात हजारांत झालं.

पाना_पक्कड:
@रानवाटा, कधी?

रानवाटा:
२०१७ ला. पण पद्धत तीच आहे ना!

धायरीकर:
अहो, काम होऊन गाडी तयार उभी आहे, आता पार्ट कुठे आणू? २०११ ची पेट्रोल, रनिंग ९४ हजार, बाहेरचं गॅरेज.
बिल असं आहे: क्लच प्लेट-प्रेशर प्लेट सेट ४,२५०, रिलीज बेअरिंग ७८०, क्लच केबल ५२०, गिअर ऑइल ९६०, इंजिन माउंटिंग १,४५०, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग ९००, इंजिन फ्लश ६५०, एसी डिसइन्फेक्शन ९५०, कन्झ्युमेबल्स ४५०, मजुरी ३,८००. एकूण १४,७१०, वर १८ टक्के जीएसटी.

रानवाटा:
मजुरी ३,८००? लूट आहे ही. दोन हजारांच्या वर देऊ नका.

भोसरीचा_फिटर:
मी स्वतः गॅरेज चालवतो. क्लच बदलायला अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, दोन माणसं अडकतात. आमच्याकडेही मजुरी याच्या जवळपासच होते. ड्राइव्ह शाफ्ट काढले की गिअर ऑइल सांडतं, तेही घालावंच लागतं. त्या ओळींवर घासाघीस करू नका.
पण इंजिन फ्लश कशाला? फ्लश जुन्या ऑइलमध्ये ओतायचा, इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि मग सगळं ऑइल काढून नवीन भरायचं. बिलात इंजिन ऑइल आणि फिल्टर कुठे आहे? फ्लश केला असेल तर ऑइल बदललं नाही, हे इंजिनला वाईट. केलाच नसेल तर पैसे कसले?

पाना_पक्कड:
एकदम बरोबर. थ्रॉटल बॉडी आणि एसीचाही क्लचशी काडीचा संबंध नाही. तुम्ही सांगितलं होतं का?

धायरीकर:
नाही. एसीचा विषयच निघाला नव्हता.

कोथरूडचे_काका:
२०११ ची म्हणजे पंधरा वर्षांचा हिशोब आला. आरसी रिन्यू करावी लागेल, आरटीओत गाडी दाखवावी लागेल, ग्रीन टॅक्स वेगळा. दिल्लीत तर अशा गाड्या उचलून नेत होते. विकून टाका, सुटाल.

पाना_पक्कड:
काका, तो नियम दिल्ली-एनसीआरचा. आणि उद्या सकाळी डायलिसिसला रिक्षा शोधत फिरायचं का त्यांनी? प्रश्न बिलाचा आहे.

ताळेबंद:
मुद्दा कराचा आहे, त्याकडे कुणाचंच लक्ष नाही. पार्टच्या खोक्यावरची एमआरपी सगळे कर धरून असते. तोच भाव बिलात लावून वर पुन्हा १८ टक्के घेता येत नाही. पार्ट आणि ऑइल मिळून ७,९६० होतात, त्यावरचा कर १,४३३. खोकी आणि डबे मागा आणि छापील किंमत बघा. बिलावर जीएसटी नंबर आहे का तेही बघा, नसेल तर त्यांना करच घेता येत नाही.
मजुरीवर १८ टक्के मात्र बरोबर आहे.

भोसरीचा_फिटर:
जुने पार्टही मागा. क्लच प्लेटचं लायनिंग रिव्हेटपर्यंत घासलेलं दिसेल. माउंटिंगचं रबर फाटलेलं असेल तर १,४५० द्या. तसंच ठेवलं असतं तर गाडी थरथरत राहिली असती. फक्त बदलण्याआधी फोन करायला हवा होता.

धायरीकर:
आत्ता गॅरेजमधूनच लिहितोय. माउंटिंग खरंच फाटलंय, बोट आत जातं. फ्लश, थ्रॉटल आणि एसी काढायला तयार झाले, कर धरून २,९५० कमी. जीएसटी नंबर आहे. पण मालक म्हणतात, "आमचे रेट कर सोडूनच असतात." क्लचच्या खोक्यावर ४,२५० छापलंय, बाकीची खोकी सापडत नाहीत म्हणे.

ताळेबंद:
मग क्लचवरचे ७६५ आत्ताच कमी करून घ्या. खोक्याचा आणि बिलाचा एकत्र फोटो काढा. ऐकलं नाही तर पैसे भरून पक्कं बिल घ्या आणि १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवा. गाडी अडकवून ठेवू नका.

रानवाटा:
कन्झ्युमेबल्सचे ४५० पण विचारा! कशाचे ते?