नाव छापलं नाही, तरी मुलगी ओळखली गेली – मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या नात्यातल्या एका लहान मुलीची पोक्सोची (लैंगिक अत्याचारापासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा) केस विशेष न्यायालयात चालू आहे. गाव-जिल्हा मुद्दाम लिहीत नाही, कृपया कुणी विचारूही नका.

तिची ओळख उघड करू नये असं न्यायालयाने आधीच बजावलं होतं. तरी एका स्थानिक न्यूज पोर्टलने बातमी लावली. नाव बदललं, चेहरा धूसर केला. पण तिची इयत्ता, शाळा कुठल्या रस्त्याला, वडिलांचं दुकान कशाचं, सगळं दिलं. आमच्याकडे तसं दुकान एकच आहे हो! संध्याकाळपर्यंत ताईच्या दारात लोक विचारपूस करायला हजर. पोर तेव्हापासून शाळेत गेलेली नाही.

पोर्टलवाले म्हणतात, "नाव कुठे छापलंय आम्ही?" पण पोक्सोच्या कलम २३ मध्ये नावाबरोबर पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर यांनाही मनाई आहे. निपुण सक्सेना खटल्यात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने आडून ओळख पटेल असा तपशीलही द्यायचा नाही असं सांगितलंय. जम्मूतल्या कठुआच्या बालिका अत्याचार प्रकरणात तर दिल्ली उच्च न्यायालयाने पीडितेची ओळख उघड करणाऱ्या माध्यमांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते.

वकिलांच्या नोटिशीनंतर पोर्टलने बातमी काढली. पण स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरताहेत, आणि व्हिडिओ आणखी दोन यूट्यूब चॅनलांनी उचललाय. पोलीस ठाण्यात म्हणाले, गुन्हा अदखलपात्र आहे, आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी आणा. शोधल्यावर कळलं की नेमक्या याच मुद्द्यावर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नव्हतं. मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?

कोर्टात काम करणारं कुणी असेल तर सांगा: भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ (पीडितेची ओळख उघड करण्याबद्दलचं) सोबत लावून घेता येईल का? अर्ज विशेष न्यायालयातच करावा की थेट उच्च न्यायालयात? बाल कल्याण समितीकडे गेल्याचा उपयोग होतो का? यूट्यूबला आदेशाची प्रत पाठवायची, तर त्या प्रतीत तिचं नाव झाकून घ्यायला कुणाला सांगायचं? ही भीती मला सगळ्यात जास्त वाटते.

ताई शाळा बदलायचं म्हणतेय. मला ते पटत नाही, मुलीने का जागा सोडायची? पण रोज त्या रस्त्याने तिलाच जायचंय. यातून गेलेलं कुणी असेल आणि इथे लिहिणं नको वाटत असेल, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.