मदत हवी आहे: रस्ता सपाट झाल्यावर आईच्या काठीला कड कशी सापडणार?

नमस्कार. आमच्या गल्लीचा रस्ता नव्याने बांधायला घेतला आहे. आखणी झाली आहे, खोदकाम अजून सुरू झालेलं नाही. पुढच्या आठवड्यात रहिवाशांची बैठक आहे आणि तिथे बोलायचं काम माझ्यावर आलं आहे. मी या क्षेत्रातली नाही. वाहतूक नियोजन, स्थापत्य किंवा दृष्टिहीनांच्या सोयींवर कोणी काम केलं असेल तर कृपया थोडा वेळ काढून वाचा.

रस्त्याच्या कामाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. खड्डे, तुंबणारं पाणी, बंद दिवे यांच्या तक्रारी आम्हीच करत होतो. पण आराखडा पाहिल्यापासून दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत.

पहिली म्हणजे कोपरा. आमची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथलं वळण आज काटकोनाच्या जवळपास आहे, त्यामुळे गाडीला वेग कमी करावाच लागतो. नव्या आखणीत तिथे ९ मीटर त्रिज्येची ऐसपैस गोलाई आहे. काल संध्याकाळी फक्कीच्या रेषेवर उभी राहून टेपने मोजलं. आज ७ मीटर ओलांडावे लागतात, तिथे आता १२ मीटर होतील. आईला ७ मीटरला ११ सेकंद लागतात, म्हणजे १२ मीटरला जवळजवळ १९ सेकंद. तेवढा वेळ ती उघड्यावर, आणि तेही गाड्या पूर्वीपेक्षा जोरात वळत असताना.

वेगाचा हिशेब मी करून पाहिला. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात सव्वाआठ मीटर जाते, ५० ने येणारी जवळजवळ १४ मीटर. चालकाला भानावर यायला एक सेकंद धरला तर कोरड्या रस्त्यावर पहिली साधारण १३ मीटरमध्ये थांबते, दुसरीला २८ च्या आसपास लागतात. धडक बसलीच तर दुसरीतली ऊर्जा पावणेतीन पट असते. म्हणून माझा सगळा जीव त्या कोपऱ्यात अडकलाय.

अभियंत्यांचं म्हणणं, अग्निशमन गाडी वळली पाहिजे. ते मला पटतं, ती वळलीच पाहिजे. पण वस्तीतल्या कोपऱ्याला ३ ते ५ मीटर त्रिज्या ठेवतात आणि मोठी गाडी वळताना समोरची मार्गिकाही वापरते, असं वाचलं. कधीमधी येणाऱ्या गाडीसाठी रोजचा कोपरा एवढा मोकळा करायचा का? वळताना चाकं कुठून जातात त्याचं रेखाटन कुठल्या गाडीच्या मापाने केलंय, हे विचारायचं ठरवलं आहे. प्रश्न बरोबर आहे ना? कोपऱ्यावर चाक चढू शकेल असा थोडा उंच, खडबडीत पट्टा देतात म्हणे. तो कोणी प्रत्यक्ष वापरात पाहिला आहे का?

दुसरी गोष्ट आईची. तिला आता फक्त उजेड-अंधार कळतो. ती पांढरी काठी घेऊन फुटपाथच्या कडेने चालते. काठीचं टोक कडेच्या दगडावरून घसरत खाली जातं, टक् असा आवाज येतो, आणि ती थांबते. नव्या आराखड्यात फुटपाथ आणि रस्ता एकाच पातळीत आहेत, मध्ये फक्त वेगळ्या रंगाची फरशी. रंग तिला कसा दिसणार?

शेजारचे काका चाकाच्या खुर्चीवर असतात, त्यांना सपाट रस्ता हवा आहे आणि तेही अगदी खरं आहे. या दोघांना एकमेकांसमोर उभं करायचं नाहीये मला. लांबीभर कड ठेवायची, ओलांडायच्या जागी १:१२ उताराने ती रस्त्याला टेकवायची आणि तिथे ठिपक्यांच्या उठावाच्या फरशा बसवायच्या, असा मार्ग मला सुचतो. त्या फरशा जपानमध्ये १९६७ मध्ये पहिल्यांदा बसवल्या गेल्या, म्हणजे नवीन काही मागत नाहीये. कडेच्या उंचीबद्दल लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा २००९ चा अभ्यास सापडला. ६ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीची कड दृष्टिहीनांना खात्रीने कळत नाही, असं त्यात आहे. ब्रिटनच्या सरकारनेही २०१८ मध्ये अशा एकपातळी रस्त्यांची नवी कामं थांबवायला सांगितलं होतं. एवढं बैठकीत पुरेल, की आणखी काही हाताशी ठेवू?

गतिरोधकाची मागणी तर सगळ्यांचीच आहे. मला मात्र तो अरुंद, हाडं खिळखिळी करणारा उंचवटा नको. दुचाकीवाले त्याच्या कडेच्या फटीतून निघून जातात आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाचे हाल होतात. पसरट, साधारण पावणेचार मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असा मागावा, की फुटपाथच्या पातळीचा उंच पादचारी पट्टाच मागावा? पट्टा केला तर चढाच्या बाजूला पाणी साचेल. तिथे गटाराची जाळी नेमकी कुठे हवी, हे कृपया कोणीतरी सांगा.

आणि एक व्यवहाराचं. बैठकीत तोंडी बोललेलं हवेत विरतं. लेखी निवेदनासोबत मोजमापांचा तक्ता आणि फोटो जोडणार आहे. उद्या सकाळी आईला घेऊन फक्कीच्या रेषेवरून पुन्हा चालून बघेन, ती कुठे अडखळते ते टिपून इथेच लिहीन. तोवर कोपऱ्याबद्दल तरी कोणी उत्तर द्या, कारण खोदकाम आधी तिथूनच सुरू होणार आहे.