ई-वे बिलात गाडी नंबर चुकला, दंड ७२ हजार?

हार्डवेअरवाला, म्हापसा:
कोल्हापूरहून नळ-फिटिंगचा माल मागवलेला, २ लाखांचा, त्यावर १८ टक्क्यांनी ३६ हजार टॅक्स बिलात लावलेला आहे. सप्लायरच्या माणसाने ई-वे बिलात (माल वाहून नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदात) गाडी नंबर ४५१७ च्या जागी ४५७१ टाकला. पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडल्यावर गाडी अडवली, माल मोजला, बिलाशी जुळला, तरी जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली टॅक्सच्या दुप्पट म्हणजे ७२ हजार भरा नाहीतर गाडी सुटत नाही म्हणतात. सरकारचा एक रुपया बुडाला नाही, मग एवढा दंड कसला? ड्रायव्हर कालपासून केबिनमध्येच झोपतोय. भरून मोकळा होऊ का?

करसल्लागार, मडगाव:
घाई करू नका. जीएसटीचं १४ सप्टेंबर २०१८ चं सर्क्युलर ६४ काढा. गाडी नंबरात एक-दोन आकडे चुकले आणि बाकी कागद बरोबर असले तर १२९ ची कारवाई सुरूच करायची नाही, कलम १२५ खाली सर्वसाधारण दंड लावायचा, तुमचा माल परराज्यातून आलाय म्हणून आयजीएसटीचे (आंतरराज्य जीएसटीचे) १ हजार, बस्स. बिल, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती), आरसीची कॉपी जोडून लेखी द्या, तोंडी बोलण्याला काही किंमत नसते. कलम १२६ पण लिहा, दंड चुकीच्या मानाने असावा हे कायद्यातच आहे.

ट्रान्सपोर्टवाला, फोंडा:
१२६ वर भिस्त ठेवू नका बाब. त्याच कलमात शेवटी लिहिलंय की दंड ठरावीक रक्कम किंवा ठरावीक टक्के असेल तिथे ते लागूच नाही, आणि १२९ चे २०० टक्के ठरलेलेच. माझ्या मते खरा अन्याय इथेच आहे, चोरी करणारा आणि आकडा चुकणारा एकाच तराजूत. आणि ई-वे बिलाचा पार्ट बी, गाडीच्या माहितीचा भाग, भरलेला आहे ना? तो रिकामा असेल तर सर्क्युलरचा उपयोग नाही.

हार्डवेअरवाला, म्हापसा:
पार्ट बी भरलेला आहे, आकडेच उलटसुलट झालेत.

करसल्लागार, मडगाव:
मग सर्क्युलरच धरा, १२६ जोडीला. सत्यम शिवम पेपर्सची केस पण लावा, तेलंगणात ई-वे बिलची मुदत संपली म्हणून ६९ हजार घेतले होते, हायकोर्टाने ते परत करायला लावून वर १० हजार खर्च दिला, जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात आणखी ५९ हजार वाढवले. आणि धंदा अडतोय म्हणून भरावेच लागले तर निषेध नोंदवून भरा आणि एमओव्ही-०९, म्हणजे दंडाची लेखी ऑर्डर मागून घ्या, पैसे भरले तरी ऑर्डर द्यावीच लागते असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये सांगितलंय. ऑर्डर हातात असली तरच ३ महिन्यांत अपील करता येतं.