एसएसएमटीपीला वाली उरला नाही. पोस्टफिक्स टाकू की एमएसएमटीपी?

हापूसवाला (धागाकर्ता)
देवगडात एका आंबा व्यापाऱ्याच्या ऑफिसातला सर्व्हर मी बघतो. डेबियन ९ या लिनक्सवर वर्षानुवर्षं मुकाट चालला. रात्री दोनला बॅकअप होतो आणि 'झाला' किंवा 'फसला' असा मेल मालकांना जातो. तो पोचवायचं काम एसएसएमटीपी या छोट्या प्रोग्रामकडे. पोस्टफिक्स आणि एमएसएमटीपी हे त्याचे पर्याय.

गेल्या आठवड्यात १०, ११, १२ अशा पायऱ्या चढत अपग्रेड केलं (मधली पायरी गाळून उडी मारायची नसते). एसएसएमटीपी २०१९ च्या डेबियन १० मधून काढलं होतं हे तेव्हा कळलं. अजून चालतंय, पण त्याची देखभाल करणारं कोणी नाही.

माझं मत पोस्टफिक्स. कारण एकच: रांग. पावसात आमची फायबर कधी तुटेल नेम नाही. इन्व्हर्टरवर सर्व्हर चालू, पण बाहेर जायला वाट नाही. अशा वेळी पोस्टफिक्स मेल धरून ठेवतो आणि पाच दिवस प्रयत्न करत राहतो. एमएसएमटीपीला स्वतःची रांगच नाही. लाइन नसली की एरर देऊन मोकळा.

मालवणी खाजा
कित्याक इतको खटाटोप? चलता हा मां, मग चलांदे!

सुरुच्या बनातला
@खाजा, चालतंय म्हणून ठेवू नका. एसएसएमटीपी समोरच्या सर्व्हरचं टीएलएस प्रमाणपत्र (तो खरा तोच आहे याचा पुरावा) तपासतच नाही. मधे कोणी बसला तर पासवर्ड त्याच्या हातात. ही तक्रार जुनीच आहे.

पण हापूसवाले, दिवसाला एका मेलसाठी पोस्टफिक्स म्हणजे होडी ओढायला क्रेन. एमएसएमटीपी-एमटीए टाका, ते सेंडमेलच्या (मेल पाठवायची नेहमीची कमांड) जागी बसतं, स्क्रिप्टला हात लावावा लागत नाही. एक फाइल, दहा ओळी, पोर्ट ५८७. जीमेल असेल तर ॲप पासवर्ड (एका प्रोग्रामपुरता गूगल देतं तो वेगळा पासवर्ड) घ्या, साधा पासवर्ड २०२२ पासून चालत नाही.

हापूसवाला
क्रेन वाटते खरी. पण इन्स्टॉल करताना 'सॅटेलाइट सिस्टीम' (सगळे मेल दुसऱ्या सर्व्हरमार्फत) निवडा, रिले होस्ट (तो दुसरा सर्व्हर) द्या, फक्त लूपबॅकवर (म्हणजे याच मशीनचं) ऐकायला सांगा, झालं. नंतर वर्षभर उघडून बघितलेलं नाही. (दुसऱ्या एका ऑफिसात हेच केलंय.)

दापोलीचा
मी रांगेच्या विरोधात आहे आणि कारण वेगळं आहे. 'बॅकअप फसला' हा मेल तीन दिवसांनी आला तर त्याचा उपयोग काय? निसर्ग वादळात, जून २०२०, आमच्याकडे वीज कितीतरी दिवस नव्हती. पोस्टफिक्सचे पाच दिवस तिथे पुरले असते का? आणि मुळात सर्व्हरच बंद, रांगेला उभं कोण राहणार?

माझ्याकडे उलट नियम आहे: सकाळी चहाच्या वेळेपर्यंत मेल आला नाही तर काहीतरी बिघडलंय. न आलेला मेलच माझा अलार्म.

हापूसवाला
तुम्ही सकाळी मेल बघता. माझे मालक एप्रिल-मेमध्ये पेट्या मोजत असतात, मेल आला नाही हे त्यांना जूनमध्ये कळेल. आणि उशिरा आलेल्या मेलमधून निदान कोणत्या रात्रीचा बॅकअप चुकला ते तरी कळतं. वादळाचं म्हणाल तर तिथे कुठलाच प्रोग्राम कामाचा नाही, मान्य.

सुरुच्या बनातला
मग नलमेलर बघा ना. रांग आहे, पण बाहेरून येणारे मेल घेण्याची भानगडच नाही. पाठवायचा आणि न गेल्यास पुन्हा पाठवायचा, बस. रिमोट्स फाइलमध्ये (मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचा ते) एक ओळ. पासवर्ड त्याच फाइलमध्ये असतो, तेव्हा परवानग्या तपासा.

हापूसवाला
हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. काल रात्री लावला. राउटरची वायर उपसली, मेल पाठवला, `मेलक्यू`त (रांग दाखवणारी कमांड) दिसला. वायर परत लावली आणि चहा करून येईपर्यंत मालकांच्या फोनवर टुण्ण झालं. मालकांचा फोन आला, 'रात्री साडेअकराला कसला बॅकअप?'

दापोलीचा
राउटरच्या वायरीने पावसाची परीक्षा होत नाही. जुलैत सांगा.