जुने बँड पाठ झाले, तेव्हा नवे कसे सापडले? प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्यांचे अनुभव

लांबलचक रचना आणि बदलते ताल असलेले रॉक संगीत, म्हणजेच प्रोग्रेसिव्ह रॉक, वाजवणाऱ्या येस या बँडचा 'क्लोज टू द एज' हा १९७२ सालचा अल्बम मी वीस वर्षांहून अधिक काळ ऐकत आलो आहे. पाखरांच्या किलबिलाटातून आणि वाहत्या पाण्याच्या आवाजातून सगळी वाद्ये एकदम उसळून येतात, त्या जागी एके काळी माझ्या अंगावर काटा येत असे. गेल्या महिन्यात तोच अल्बम लावला आणि दहाव्या मिनिटाच्या सुमारास, संथ गायनाचा भाग चालू असताना, माझे बोट नकळत गाणे पुढे ढकलण्याच्या खुणेवर गेले. मी ते वेळीच मागे घेतले खरे, पण त्या क्षणी जे वाईट वाटले ते अजून गेलेले नाही.

त्या संगीतात काही उणे झालेले नाही. पुढे कोणते वळण येणार आहे, हे मला पाठ झाले आहे, एवढेच. आणि ज्या संगीताची सगळी मौज अनपेक्षित वळणांत आहे, त्याच्या बाबतीत हे पाठ होणे फार महागात पडते. नवे शोधण्याचा प्रयत्न मी केला. यंत्राने आपोआप सुचवलेल्या यादीत जेनेसिस, किंग क्रिमसन, पिंक फ्लॉइड आणि जेथ्रो टल हीच मंडळी फिरून फिरून समोर आली. दहा-बारा नवे बँडही लावून पाहिले, पण प्रत्येक वेळी काही मिनिटांतच तुलना सुरू झाली आणि मी ऐकणे सोडून दिले.

म्हणून आपणा सर्वांना विनंती आहे, की या अवस्थेतून आपण कसे बाहेर पडलात ते सविस्तर लिहावे. नुसत्या नावांच्या याद्यांचा मला उपयोग झालेला नाही. कोणत्या वाटेने तो बँड आपल्यापर्यंत आला, किती वेळा ऐकल्यावर तो आपलासा वाटला आणि कोणत्या जागी मन अडकले, हे वाचायला मला आवडेल. प्रयत्न फसला असेल, तर तेही लिहावे.

*

मी मुळात रश या कॅनडातील त्रिकुटाचा भक्त आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांचा शेवटचा दौरा संपला आणि जानेवारी २०२० मध्ये त्यांचे ड्रमवादक नील पर्ट गेले, त्यानंतर बराच काळ मला रश ऐकवत नव्हते आणि दुसरे काही ऐकावेसेही वाटत नव्हते. त्याच काळात माझ्या वाचनात आले, की रशचे गिटारवादक अ‍ॅलेक्स लाइफसन यांनी पॉर्क्युपाइन ट्री या इंग्लिश बँडच्या २००७ सालच्या 'फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट' या अल्बममधील 'अ‍ॅनेस्थेटाइझ' या रचनेत एक सोलो, म्हणजे एकट्या गिटारला पुढे आणणारा भाग, वाजवला आहे. केवळ ओळखीचा हात ऐकू यावा म्हणून मी ती रचना लावली. ती जवळजवळ अठरा मिनिटांची आहे. लाइफसन यांचा सोलो येऊन गेला आणि त्यानंतर माझ्या लक्षात आले, की मी गिटारऐवजी ड्रम्सच ऐकत बसलो आहे.

ते ड्रम्स गॅव्हिन हॅरिसन यांचे होते. मी स्वतः हौसेने ड्रम्स वाजवतो, त्यामुळे एवढे तरी सांगू शकतो, की अवघड ताल वाजवणारे पुष्कळ असतात, पण तो अवघड आहे हे ऐकणाऱ्याला जाणवू न देणारे फार थोडे असतात. मात्रा मोजू लागलो की चकवा बसतो. मोजणे सोडले की पाय आपोआप ठेका धरतो. मी मधले तीन-चार मिनिटांचे तुकडे पुन्हा पुन्हा लावून टेबलावर बोटांनी वाजवून पाहत होतो आणि स्नेअर या ड्रमचा एक आघात दर वेळी माझ्या अंदाजाच्या किंचित मागे पडत होता. कित्येक वर्षांनी कोणीतरी मला असे चकवले होते.

मग मी बँडचा नाद सोडून माणसाचा माग काढत गेलो. हॅरिसन यांच्यामुळे द पाइनॅपल थीफचा 'युअर विल्डरनेस' हा २०१६ सालचा अल्बम सापडला, जो माझ्या नेहमीच्या आवडीपेक्षा खूपच शांत आहे आणि एरवी मी त्याच्या वाटेलाही गेलो नसतो. त्यांच्यामुळेच किंग क्रिमसनच्या २०१४ नंतरच्या मैफलींची ध्वनिमुद्रणे ऐकली, ज्यांत तीन ड्रमवादक मंचावर सर्वांत पुढे बसतात आणि एकच ताल आपसांत वाटून घेतात. माझे आपल्याला एवढेच सुचवणे आहे, की आवडत्या अल्बममधला एक वादक निवडावा आणि तो पुढे कुठे कुठे गेला ते पाहावे. ड्रमवादक बिल ब्रुफर्ड १९७२ मध्ये येस सोडून किंग क्रिमसनमध्ये गेले, १९७६ मध्ये जेनेसिसच्या दौऱ्यावर वाजवून आले आणि १९७८ मध्ये यूके या बँडच्या पहिल्या अल्बमवर होते. एका माणसाच्या मागे गेले तरी चार वेगवेगळी घरे पाहून होतात.

*

माझी वाट भाषेची होती. इंग्रजी शब्द कळत असल्यामुळे माझे लक्ष नेहमी अर्थाकडे जाते आणि एकदा अर्थ माहीत झाला की गाणे संपल्यासारखे वाटते, ही माझी जुनी अडचण आहे. एका परिचितांनी प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी, म्हणजेच पीएफएम, या इटालियन बँडचा १९७३ सालचा 'फोटोज ऑफ घोस्ट्स' मला ऐकवला. तो बराचसा आधीच्या इटालियन रचनांवर इंग्रजी शब्द बसवून तयार झाला आहे आणि ते शब्द किंग क्रिमसनचे गीतकार पीट सिनफिल्ड यांचे आहेत. मला तो चांगला वाटला, पण त्याहून अधिक काही झाले नाही. पुढे काही महिन्यांनी त्यातल्या अनेक रचनांचे मूळ रूप असलेला १९७२ सालचा 'पेर उन आमिको' ऐकला आणि मी थक्क झाले. त्याच चाली होत्या, पण इटालियन शब्दांतले स्वरान्त उच्चार त्या चालींवर असे बसले होते, की इंग्रजी अवतार उसन्या कपड्यांसारखा वाटू लागला. मला एकही शब्द कळत नव्हता आणि त्यामुळेच मी प्रथमच केवळ सूर ऐकत होते.

त्यानंतर बांको देल मुतुओ सोक्कोर्सो यांचा 'डार्विन!' आणि ले ओर्मे यांचा 'फेलोना ए सोरोना' हे अल्बम ओघाने आले. पहिला १९७२ चा आहे आणि दुसरा १९७३ चा, म्हणजे दोन्ही माझ्या जुन्या आवडत्या अल्बमांच्याच वयाचे आहेत. नवा बँड म्हणजे आजचा बँड असे आपण सहज धरून चालतो. माझ्यासाठी तरी पन्नास वर्षांपूर्वीचे हे संगीतच नवे होते.

भाषेच्या याच ओढीने मी चिलीच्या लोस हायवास यांच्यापर्यंत पोहोचले. त्यांनी १९८१ मध्ये पाब्लो नेरूदा यांच्या माचू पिचूवरील कवितांना संगीत दिले. अँडीज पर्वतातील बासऱ्या आणि चारांगो हे छोटे तंतुवाद्य ही वाद्ये त्यांत पियानो, सिंथेसायझर आणि इलेक्ट्रिक गिटार यांच्यासोबत इतक्या सहजतेने वाजतात, की त्यांतले पाहुणे कोण आणि यजमान कोण, हे मला अजूनही सांगता येत नाही.

*

माझा प्रयत्न फसला होता, म्हणून थोडक्यात लिहितो. मी पन्नास अल्बमांची यादी केली आणि दोन महिन्यांत ती संपवली. शेवटी एकाही अल्बममधली एक ओळसुद्धा मला गुणगुणता येत नव्हती. आता मी एका आठवड्यात एकच नवा अल्बम घेतो, तो किमान चार वेळा ऐकतो आणि पहिल्या वेळी मत बनवायचेच नाही, असे ठरवून बसतो. या पद्धतीने गेल्या वर्षभरात सहा-सात बँड माझे झाले. त्यांतला पहिला पोलंडचा रिव्हरसाइड होता. त्यांचा 'सेकंड लाइफ सिंड्रोम' मला तिसऱ्या वेळेपर्यंत केवळ उदास वाटत होता आणि चौथ्या वेळी मात्र तो संपल्यावर मी खुर्चीतून उठलो नाही.

*

मला जुन्या संगीताचा कंटाळा आला होता, पण त्याच्या आवाजाचा आला नव्हता. हा फरक समजायला मला फार वेळ लागला. मेलोट्रॉन या वाद्याचा आवाज मला लहानपणापासून व्याकूळ करतो. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो, ज्यावर खऱ्या व्हायोलिनांचा, बासरीचा किंवा गायकवृंदाचा एकेक सूर मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत सरकू लागते आणि सुमारे आठ सेकंदांत संपते. बोट उचलले की ती पुन्हा मागे जाते. त्यामुळे वादकाला कोणताही सूर हवा तेवढा लांबवता येत नाही. आठ सेकंदांच्या आत त्याला बोट उचलावेच लागते आणि संगीताला एक प्रकारचा श्वास मिळतो. फीत जरा थरथरली की सूरही हलतो, आणि मला नेमके तेच थरथरणे हवे असते.

हा आवाज पुढे कोणी जिवंत ठेवला, याचा शोध घेताना मला स्वीडन सापडले. आंग्लागार्ड यांचा 'हायब्रिस' १९९२ मध्ये आला आणि अ‍ॅनेकडोटेन यांचा 'व्हेमोड' १९९३ मध्ये, म्हणजे हे वाद्य बहुतेकांनी अडगळीत टाकले होते त्या काळात. 'हायब्रिस'मध्ये चारच रचना आहेत. त्यांत गर्जना करणारी बेस गिटार एकाएकी थांबते आणि मागून बासरी व मेलोट्रॉन येतात, त्या जागा ऐकताना माझा श्वास आजही अडकतो. या बँडने १९९४ नंतर पुढचा स्टुडिओ अल्बम थेट २०१२ मध्ये दिला. नॉर्वेच्या वॉब्लर या बँडचा २०१७ सालचा 'फ्रॉम सायलेन्स टू समव्हेअर' हा अल्बमही मी याच मायेने जपला आहे. त्याची शीर्षकरचना वीस मिनिटांहून मोठी आहे आणि तिला घाई अशी ठाऊकच नाही.

*

मेलोट्रॉनविषयीचा वरचा अनुभव मनापासून आवडला, पण मला माझा मतभेदही नोंदवावासा वाटतो. जुन्याच आवाजाची नवी आवृत्ती शोधत राहिल्यास कंटाळा काही काळ लांबतो आणि मग परत येतो. माझ्या बाबतीत तो दर वेळी आला. 'प्रोग्रेसिव्ह', म्हणजे पुढे जाणारे, या शब्दाचा मान राखायचा असेल, तर कानांना सवय नसलेल्या गोष्टीकडे जावे लागते, आणि ती गोष्ट सुरुवातीला नकोशीच वाटते.

माझ्यासाठी ती गोष्ट ओपेथ या स्वीडिश बँडमधील गुरगुरणारे गायन होती. मी त्या आवाजाला संगीत मानायलाच तयार नव्हतो. वाट मिळाली ती 'डॅम्नेशन' या २००३ सालच्या अल्बममुळे. तो त्यांनी 'डेलिव्हरन्स' या अतिशय जड अल्बमच्या सोबतच ध्वनिमुद्रित केला होता, पण त्यात गुरगुरणे अजिबात नाही आणि सगळा अल्बम हलक्या, उदास चालींचा आहे. तो मी दोन-अडीच महिने ऐकला. त्या गायकाच्या, म्हणजे मिकाएल ओकरफेल्ट यांच्या, साध्या गळ्यावर माझा विश्वास बसला आणि मग 'ब्लॅकवॉटर पार्क' हा २००१ सालचा अल्बम लावला, तेव्हा तोच माणूस एका कडव्यात गुरगुरतो आणि पुढच्या कडव्यात कोमल स्वरात गातो, यातले नाते मला ऐकू येऊ लागले. तो आवाज आता मला एका वाद्यासारखा ऐकू येतो.

याच धिटाईने मी फ्रान्सच्या माग्मा या बँडकडे गेलो. त्याचे संस्थापक क्रिस्तियाँ व्हांदेर स्वतः ड्रमवादक आहेत आणि त्यांनी बँडसाठी कोबायन नावाची एक भाषाच निर्माण केली. १९७३ सालच्या 'मेकानिक डेस्ट्रुक्टिव्ह कोमान्डो'मध्ये एखादा लहानसा स्वरसमूह इतक्या वेळा परततो आणि दर वेळी त्यावर इतके नवे आवाज चढत जातात, की एका टप्प्यावर ऐकणे सोसवेनासे होते. माझ्या पत्नीला ते आजही सोसवत नाही आणि तिचे म्हणणे मला पटते. ज्यांना जेंटल जायंट हा जुना बँड आवडतो, त्यांच्यासाठी मात्र याहून सोपी पायरी आहे: हेकन या लंडनच्या बँडच्या २०१३ सालच्या 'द माउंटन'मधील 'कॉक्रोच किंग' ऐकावे.

*

मी नवे काही शोधले नाही. दोन वर्षे जुने आवडते अल्बम पूर्णपणे बंद ठेवले आणि मग किंग क्रिमसनच्या १९७४ सालच्या 'रेड'मधील 'स्टारलेस' ऐकले. मधल्या भागात गिटार एकच सूर धरून बसते आणि खाली तेरा मात्रांचे आवर्तन फिरत राहते, ते मला पूर्वी कधीच मोजता आले नव्हते. त्या दिवशी मोजता आले.

*

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिलेत, त्याबद्दल मी आभारी आहे. आपल्या सूचनांपैकी तीन मी गेल्या तीन आठवड्यांत पाळल्या. पहिल्या आठवड्यात 'हायब्रिस' ऐकला आणि तो फार आवडला, पण मला त्यात माझे जुने बँडच दिसत राहिले. माझा कंटाळा आवाजाचाही असावा, असे आता वाटते. दुसऱ्या आठवड्यात माग्मा लावला, चार वेळा ऐकला आणि अजून तरी तो माझा झालेला नाही.

तिसऱ्या आठवड्यात 'पेर उन आमिको' घेतला. पहिल्या दोन वेळा मी सवयीने तुलना करत बसलो होतो. काल रात्री दिवे मालवून तो तिसऱ्यांदा ऐकला. पहिल्या रचनेच्या हळुवार सुरुवातीनंतर गायन आले तेव्हा, एकही शब्द कळत नसताना, पुढे चाल वर जाणार की खाली, याची मी वाट पाहत होतो. माझा अंदाज चुकला. अल्बम संपल्यावर मी तो पुन्हा पहिल्यापासून लावला.