सेकंडहँड स्पोर्ट्स कार गोव्यात कधी घ्यावी? माझं मत : भर पावसात

मांडवीकाठ (धागाकर्ता)

वय बेचाळीस, मुलगी दहावीला, बायकोचा विरोध वेळोवेळी नोंदवलेला. तरी दोन दारांची, घडीच्या छपराची गाडी एकदा घ्यायचीच, असं ठरवून बसलोय. नवी परवडणार नाही, म्हणून सेकंडहँड. नजरेत आहे ती २०१२ ची बीएमडब्ल्यू झेड४. गाडी फोंड्याला, मालक दुसरा, मागतोय साडेबावीस लाख.

कोणती घ्यावी हे विचारत नाहीये, कधी घ्यावी ते विचारतोय. युरोप-अमेरिकेतले लोक सांगतात, उघड्या छपराची गाडी हिवाळ्यात घ्या. बर्फात ती कोणालाच नको असते, मालक नरमतो. तोच सल्ला इथे उचलून आणला तर फसलोच. गोव्यात डिसेंबर म्हणजे नाताळ, पाहुणे, लग्नं, छप्पर उघडून दोनापावलाला मिरवायचे दिवस. तेव्हा कोण भाव उतरवेल? त्यांचा हिवाळा तो आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर या गाड्या ताडपत्रीखाली झोपलेल्या असतात.

म्हणून माझं मत जुलै. जूनअखेरचा सांजांवचा सण झाला, विहिरी काठोकाठ भरल्या, की गाडी बघायला निघायचं. तेव्हा गिऱ्हाईक नसतं, हे एक. आणि पाऊस हा फुकटचा तपासनीस. छप्पर गळतं की नाही हे मे महिन्यात मालक सांगेल तेच खरं मानायचं. जुलैत पायाखालचं कार्पेट अंगठ्याने दाबलं की झालं. बोला, कोणाचं काय म्हणणं?

खड्डेखाऊ

पाऊस तपासनीस, कबूल. पण एकाच खात्याचा. गळती दाखवील आणि बाकी सगळं झाकून टाकील.

जुलैत कुठल्याही गाडीचा एसी गारच वाटतो, बाहेरच गारवा. इंजिन तापतं का ते कळणार नाही. छपरावर सरी बडवत असताना सस्पेन्शनची खुटखुट ऐकू येणार आहे का तुम्हाला? त्यात ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी. ओल्या रस्त्यावर तुम्ही ती दाबून बघणार नाही, बघूही नका. खड्डे पाण्याने भरलेले, खोली कळत नाही, आणि गाडी जमिनीला टेकलेली. म्हणजे तुमची ट्रायल काय, तर फोंडा ते फर्मागुडी, ताशी चाळीस, वायपर चालू. एवढ्यावर साडेबावीस लाख?

गाडी मे महिन्यात बघावी. दुपारी दोनला काढायची, एसी लावून पर्वरीच्या कोंडीत नेऊन उभी करायची आणि तापमानाच्या काट्याकडे बघत बसायचं. वीस मिनिटांत गाडी स्वतःच सगळं कबूल करते. मालकही मेच्या शेवटी आभाळाकडे बघायला लागलेला असतो. आता चार महिने ही झाकून ठेवायची, विमा भरायचा, बॅटरी सांभाळायची, हे त्याच्या डोक्यात असतंच. घासाघीस तेव्हा करायची.

मांडवीकाठ

मेमध्ये मुंबई-पुण्याची सगळी जनता इथे सुट्टीला असते, त्यातले निम्मे गाड्या बघत फिरतात. मालक कशाला नरमेल? एसीचं मात्र पटलं. ते डोक्यात नव्हतं आलं.

वाळपईकर

खड्डेखाऊ, आमच्या सत्तरी तालुक्यात पाऊस काय असतो ते बघायला या एकदा, मग गळतीला 'एकच खातं' म्हणणार नाही. अशा गाड्यांत पाणी शिरलं की ते फक्त कार्पेटपुरतं राहत नाही. छपराच्या कडेने पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. गाडी आंब्याखाली उभी राहिली की पानं-मोहर सडून त्या बुजतात, आणि पाणी आत वळतं. जुन्या पोर्शे बॉक्स्टरमध्ये तर कंट्रोल युनिट सीटखालीच बसवलंय. तिथे पाणी साचलं की गाडी चालू व्हायचं नाव घेत नाही. एसी दुरुस्त होतो हो. भिजलेल्या वायरिंगच्या मागे लागलेला माणूस मी पाहिलाय, दीड वर्ष तो गाडीपेक्षा मेकॅनिककडेच जास्त बसला.

जुलैला माझं मत.

थारवाला

थार घ्या. छप्पर निघतं, खड्डे चालतात, बायकोही बसते.

मांडवीकाठ

थारवाला, धन्यवाद. बायकोने तुमचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवायला लावलं.

जुनं_गॅरेज

तीसेक वर्षं गाड्यांखाली झोपून काढली, म्हणून लिहितो. दोघेही महिन्याचा हिशेब करताय, मी उभ्या राहण्याचा करतो. गोव्यात अशी गाडी चालून मरत नाही, उभी राहून मरते.

चार महिने झाकून ठेवलेली गाडी म्हणजे आत काय काय असतं, सांगतो. ब्रेकच्या डिस्कवर गंज, तो चालवली की जातो, त्याची भीती नको. पण समुद्राजवळ राहिली असेल तर खालचे नट-बोल्ट आणि वायरिंगचे सॉकेट खारट हवेने हिरवे पडलेले असतात, तो गंज जात नाही. चामड्याच्या सीटवर बुरशी. बॉनेटखाली उंदराचं बाळंतपण. टायर एका जागी चपटे. आणि पेट्रोल! हल्ली पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या पावसाळी हवेत अर्ध्या टाकीने महिनोन्महिने उभी ठेवली की पाणी मिसळलेलं इथेनॉल पेट्रोलपासून सुटून तळाशी बसू शकतं, आणि पंप ओढतो तळातूनच. २०१२ ची गाडी ई२० साठी बनलेलीही नाही, रबरी नळ्या बघून घ्या.

म्हणून माझ्या मते सगळ्यात वाईट महिना ऑक्टोबर. पाऊस सरला की झाकण काढतात, पॉलिश मारतात, नवी बॅटरी टाकतात, सीटना तेल चोळतात, आणि 'सीझनसाठी तयार' म्हणून विकायला काढतात. नवरीसारखी नटलेली असते. तिची गेल्या चार महिन्यांची हालत बघायला मिळत नाही. जुलैत गेलात तर ताडपत्री तुमच्यासमोर उचलायला सांगा. आधी फोन करून 'जरा चालू करून ठेवा' म्हणू नका. थंड इंजिन चालू होताना ऐकणं हीच अर्धी तपासणी.

टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात तेही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी तो टायर म्हातारा. या गाडीचे टायर पंक्चर होऊनही चालणारे असतात. चारी बदलायचे तर किंमत आधी विचारा, मग बसून घ्या.

खड्डेखाऊ

गॅरेजबाब, म्हणजे तुम्ही जुलैच्याच बाजूने?

जुनं_गॅरेज

मी दोनदा बघण्याच्या बाजूने. एकदा पावसात उभी, एकदा उन्हात चालती. पण दोनदा जायला कोणाला वेळ असतो? सगळ्यांना फोटो बघून टोकन द्यायचं असतं.

कागदी_घोडा

महिना ठरवताना कागद विसरलात. साधा नियम : ३१ डिसेंबरची गाडी १ जानेवारीला एक वर्षाने म्हातारी होते. गाडी तीच, किलोमीटर तेच. विकणाऱ्याला डिसेंबरात विकायची घाई असते, घेणाऱ्याने जानेवारीत जावं. नाताळची गर्दीही ओसरलेली असते. शिवाय धंद्याच्या नावावर घेणारे घसारा (गाडीच्या घटत्या किमतीची करातली वजावट) बघतात. गाडी त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्माच मिळतो, म्हणून ते लोक सप्टेंबरअखेर धावपळ करतात. त्या गर्दीत तुम्ही शिरू नका.

आणि डीलरकडून घेणार असाल तर त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, तो शेवटी तुमच्याच खिशातून. घरगुती मालक विकतो तेव्हा तो प्रश्न नाही.

वाळपईकर

चौदा वर्षांच्या गाडीला डिसेंबर काय आणि जानेवारी काय! तो हिशेब तीन वर्षांच्या स्विफ्टचा. इथे कोण वर्ष मोजून भाव देतं?

कागदी_घोडा

आरटीओ मोजतं. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ ची म्हणजे २०२७ ला संपते. मग फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. आणि फी? १ एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीला ५,००० रुपये झाली, आयात केलेल्या चारचाकीला ४०,०००. ही गाडी आपल्याकडे आयात होऊनच यायची. आरसीवरची तारीख बघितली का तुम्ही?

मांडवीकाठ

नाही बघितली. आता बघतो. हा मुद्दा भाव पाडायला वापरता येईल, पावसापेक्षा बरा.

कागदी_घोडा

पाटी कुठली तेही सांगा. जीए, म्हणजे गोव्याची असेल तर मालकी बदलायच्या फॉर्म २९, ३० वर काम होतं. केए (कर्नाटक) किंवा डीएल (दिल्ली) असेल तर एनओसी, आणि बारा महिन्यांच्या वर इथे ठेवायची तर इथली नोंदणी, इथला कर. दिल्लीत १० वर्षांची डिझेल आणि १५ वर्षांची पेट्रोल या नियमाच्या धाकाने स्वस्तात निघालेल्या गाड्या सगळीकडे पोचल्यात. स्वस्त दिसते ती तिथेच स्वस्त असते.

मांडवीकाठ

जीए-०५. फोंड्याचीच.

चवथ_झाली_की

एवढं सगळं लिहिलंत आणि खरा मुहूर्त कोणी सांगितलाच नाही. पितृपक्ष! गणेश चवथीला लोक नवी गाडी घरी आणतात, जुनी विकायला निघते. लगेच पंधरा दिवस पितृपक्ष, गिऱ्हाईक शून्य. दसऱ्यापर्यंत मालक माशा मारत बसतो. २०२५ ला तर कमालच झाली. मोठ्या गाड्यांवरचा कर सेससकट ५० टक्क्यांपर्यंत जायचा, तो सरसकट ४० झाला आणि लागू झाला २२ सप्टेंबरला, म्हणजे सर्वपित्रीच्या दुसऱ्याच दिवशी. नवी स्वस्त होणार म्हटल्यावर जुन्याला कोण हात लावतो? माझ्या भावाने त्याच पंधरवड्यात ऑक्टाव्हिया व्हीआरएस उचलली.

खड्डेखाऊ

आणि पितर रागावले तर क्लच प्लेट ते देणार का? शिवाय पितृपक्ष मानणारा मालक त्या दिवसांत विकणारही नाही. अर्ध्या गोव्याला तर पितृपक्ष कधी येतो तेच ठाऊक नसतं, त्यांच्याकडे गेलात तर भाव नाताळचाच सांगतील.

तारवटी

मी जहाजावर असतो, सहा महिने बाहेर. वरचं सगळं वाचून हसू आलं. गोव्यात अशी गाडी ऋतू बघून विकली जात नाही, तिकीट बघून विकली जाते. कोणाचा पोर्तुगीज पासपोर्ट झाला, कोणाला बोटीचा जॉइनिंग कॉल आला, कोणाची पोरं परदेशी राहिली आणि बाबांना खाली वाकून बसवत नाही. त्याला पंधरा दिवसांत निघायचं असतं. तो मेमध्ये निघो की नोव्हेंबरमध्ये, भाव तोच देतो. महिना विचारू नका, 'का विकताय' ते विचारा आणि गप्प बसा.

(आमच्या गल्लीत एकाकडे अजून सॅन स्टॉर्म आहे. फायबरची, दोन सीटची, रेनॉचं इंजिन. गोव्यात बनायची ही गाडी, नव्या पोरांना सांगूनही पटत नाही. तो मात्र कुठल्याच महिन्यात विकत नाही.)

वाळपईकर

तारवटी, उत्तम. पण निघायची घाई असलेला माणूस गळणारं छप्पर सांगत बसतो का? त्यासाठी पाऊसच लागतो.

मांडवीकाठ

काल संध्याकाळी मालकाशी बोललो. 'का विकताय' विचारलं आणि गप्प बसलो. तोही गप्प बसला. मग म्हणाला, गुडघे. आरसीवरची तारीख ऑगस्ट २०१२. नूतनीकरणाचे ४०,००० त्याला माहीतच नव्हते, आवाज जरा खाली आला. एकवीसपर्यंत येईल असं वाटतंय.

रविवारी सकाळी येतो म्हटलं, भर पावसात, गॅरेजबाबांनी सांगितल्याप्रमाणे ताडपत्री माझ्यासमोर उचला म्हटलं. तर म्हणाला, आता नाही जमायचं. गाडी मागच्या शेडमध्ये आहे आणि तिच्यापुढे रंगाचे डबे, परांची, घरातलं सगळं फर्निचर. चवथीसाठी घर रंगवायला काढलंय. गणपती पोचवले की गाडी बाहेर काढतो, तेव्हा या.

चवथ_झाली_की

गणपती पोचल्यावर कुठला पक्ष लागतो हो, खड्डेखाऊ?